कंबर आईंची, गोळ्या तिघींच्या

हे लिहिताना आम्हाला थोडी लाज वाटते. चूक आमचीच होती. पण अशी चूक घरोघरी होत असेल, एखाद्या तरी घरात वेळीच लक्षात यावी, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहोत.

आम्ही तिघी जावा. वाशिंदजवळच्या वस्तीत एकाच अंगणात तीन चुली. थोरली अंगणवाडीत मदतनीस. मधली पहाटेच्या लोकलने कल्याणला घरकामाला जाते. धाकटी भिवंडीकडच्या गोदामात पॅकिंग करते. सासूबाईंना आम्ही आई म्हणतो. वय पासष्टच्या पुढे, पण हात रिकामा ठेवायची सवय नाही. उन्हाळ्यात पाणी भरायचं, पावसाळ्यात लावणीला वाकायचं, उरलेल्या वेळात नातवंडं.

आमच्या शहापूर तालुक्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. पुढे वैतरणा आली, भातसा आली. तिन्हींचं पाणी मुंबईला जातं, आणि इथल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल उजाडला की बाया हंडे घेऊन निघतात. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन, वर कळशी. आईंनी हे चाळीस-पन्नास वर्षं केलं. मागच्या उन्हाळ्यात एके सकाळी हंडा उतरवताना त्यांच्या कमरेत चमक भरली, ती राहिलीच.

दवाखान्यात जाऊ म्हटलं की आईंचं एकच उत्तर, "एक दिवस तिकडं गेला तर तुमच्यातल्या एकीचा रोज बुडतो. मला काय धाड भरलीय? गोळी आण." हातावर पोट असणाऱ्या घरात हे बोलणं खोटं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही गोळी आणली. तिघींनीही आणली, आणि तिथंच घोटाळा झाला.

थोरलीने स्टेशनजवळच्या मेडिकलमधून एक पट्टी आणली. मधली जिथे काम करते त्या घरच्या बाईंनी आपल्याकडची उरलेली एक पट्टी दिली. धाकटीला गोदामातल्या सोबतिणीने एक जागा सांगितली. तिथे कागदाच्या पुडीत सुट्या रंगीत गोळ्या बांधून देतात, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो म्हणे. आईंनी प्रत्येकीला स्वतंत्र सांगितलं, "तुझ्या गोळीनं बरं वाटतं गं." कुणाचं मन मोडायला नको म्हणून त्या तिघींच्याही गोळ्या घेत राहिल्या. आणि आम्ही तिघी आपापल्या जागी खूश, की आईंना माझ्याच गोळीचा गुण आला. असे तीन महिने गेले. सरकारी दवाखान्यातून मिळणारी रक्तदाबाची गोळी चालूच होती.

जुलैमध्ये राब तयार झाला, लावणी तोंडावर आली. आईंना शेतात उतरायचं होतं. थोरलीबरोबर त्या स्वतःच रिकामी पट्टी घेऊन मेडिकलमध्ये गेल्या. एरवी काउंटरवर एक मुलगा असायचा, तो पट्टी बघून पट्टी द्यायचा. त्या दिवशी पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी उभी होती. तिने पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "कुणासाठी? किती दिवसांपासून घेताय? डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? आणखी काही औषध चालू आहे?" रक्तदाबाचं नाव निघताच तिने पट्टी परत दिली. "आजी, ही गोळी मी तुम्हाला देणार नाही."

आईंचा चेहराच उतरला. वाचकांना यामागचं सांगायला हवं. आईंच्या लहानपणी त्यांच्या माहेरी दुकानाची पायरी आपल्या माणसांनी चढायची नव्हती. खाली उभं राहायचं, पैसे लांबून ठेवायचे, मग वरून पुडी टाकली जायची. काउंटरपलीकडून आलेलं "नाही" त्यांना बरोबर त्या जुन्या जागी लागलं. त्या म्हणाल्या, "रोख पैसे देतेय, उधार मागत नाही. मग का नाही?"

ती मुलगी काउंटरच्या बाहेर आली. स्टूल ओढून आईंना बसवलं. स्वतः खाली उकिडवी बसली आणि आईंचं पाऊल हातात घेऊन घोट्याच्या वर अंगठ्याने दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. "ही सूज कधीपासून?" तिने विचारलं. आम्हाला ठाऊकच नव्हतं. आईंनी लुगड्याखाली झाकून ठेवली होती.

मग तिने आणखी प्रश्न विचारले. कुठे पडला होतात का? पायात बधिरपणा किंवा लुळेपणा येतो का? लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलंय का? रात्री पडल्यावरही दुखतं का? यातलं काही असेल तर कंबरदुखी साधी नसते, मणक्याचा क्षयसुद्धा असू शकतो, म्हणून विचारते, असं तिने समजावलं. शेवटी म्हणाली, "घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या सगळ्या घेऊन या."

धाकटी सुट्टीवर होती, ती पळत घरी गेली आणि आईंच्या ट्रंकेतला डबा घेऊन आली. काउंटरवर तीन प्रकार मांडले. एका पट्टीत डायक्लोफेनॅक. दुसऱ्या पट्टीत अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. ती मुलगी आमच्याकडे बघून हसली. "नावं वेगळी, रंग वेगळे, पण या तुमच्यासारख्याच एका घरातल्या जावा आहेत. दोघी एकदम कामाला लागल्या की पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो, रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते." पुडी तिने नाकाजवळ नेऊन पाहिली आणि मान हलवली. "यावर ना नाव, ना तारीख. यात काय आहे हे मीसुद्धा सांगू शकत नाही. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड निघतं. ते असेल तर एकदम बंद करायचं की हळूहळू, हे डॉक्टरच ठरवतील. म्हणून आजच जा."

तिने एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं, किती आणि किती दिवस, असं लिहून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी त्या दुकानाचा आमच्याकडून एक रुपयाचाही धंदा झाला नाही.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी तो कागद आधी वाचला, मग आईंना तपासलं. रक्तदाब बराच चढलेला. रक्त तपासलं, तर मूत्रपिंडावर ताण पडल्याचं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. पण असंच चाललं असतं तर डायलिसिसची पाळी आली असती." आम्ही तिघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. सेवा म्हणून आम्ही आईंना काय चारत होतो!

वेदनाशामक गोळ्या थांबल्या. पुडीचं काय करायचं ते डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली ठरवलं. दुखेल तेव्हापुरती साधी पॅरासिटामॉल, तीही मोजून. कमरेला शेक. अंथरुणाला खिळून राहायचं नाही, झेपेल तेवढं चालायचं, आणि कमरेचे दोन-तीन व्यायाम. महिन्याभरात पायाची सूज उतरली, पुढच्या तपासणीत रक्तही सुधारलं. कंबर आजही अधूनमधून बोलते, पण आई चालत्या-फिरत्या आहेत.

नंतर आम्ही थोडी माहिती मिळवली. २०२० साली जगभर सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आई काही एकट्या नाहीत. बहुतेकांची नवी कंबरदुखी काही आठवड्यांत हलत्या-फिरत्या राहण्यानेच कमी होते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, हा कायदाच आहे; पट्टीवर तसं छापलेलंही असतं, आपण वाचत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. २०१५ च्या नियमांत तर रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणं हेही त्याच्या कामात धरलं आहे. म्हणजे त्या मुलीने आपल्यावर मेहेरबानी केली नाही, ती आपलं काम चोख करत होती. आणि तिला प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे.

भगिनींनो, एवढंच करा. घरातल्या प्रत्येक आजारी माणसाच्या सगळ्या गोळ्या एका डब्यात ठेवा, आणि मेडिकलमध्ये जाताना किंवा डॉक्टरकडे जाताना तो डबाच घेऊन जा. गोळीचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं नाव मुलांकडून वाचून घ्या. आपण मुलं शिकवली ती कशासाठी? बिननावाची पुडी घरात आणू नका. आणि मेडिकलवाला काही न विचारता हवी ती पट्टी देतो म्हणून तो चांगला, असं समजू नका. जो विचारतो, प्रसंगी नाही म्हणतो, तो आपला.

आमच्या घरात आणखी एक बदल झाला. पाणी आता मुलगे आणतात. सुरुवातीला वस्तीत हसले, आता दोन-चार घरांत तेच सुरू झालंय. लावणीला आई बांधावर बसून रोपांच्या जुड्या हातात देतात आणि कुणी रांग वाकडी लावली की ओरडतात.

मेडिकलमधली मुलगी दिसली की त्या हात वर करून जयभीम घालतात. आणि घरात कुणीही नवी गोळी आणली की चष्मा लावून आधी विचारतात, "ही कुणाची जाऊ गं?"