रातव्याच्या माळावर

लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यात, चॉबम कॉमन नावाचा विस्तीर्ण माळ आहे. जूनमधील सायंकाळी हेदरच्या झुडुपांवर आणि काटेरी गॉर्सवर संधिप्रकाश रेंगाळत असतो. अंधार दाटू लागला की रातव्याची चरख्यासारखी अखंड घरघर सुरू होते. हा पक्षी मे महिन्याच्या सुमारास आफ्रिकेतून येथे येतो. तो घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवरच दोन अंडी घालते. वाळक्या पानांत मिसळून जाणारा रंग हेच तिचे संरक्षण.

या माळावर कुत्र्यांना फिरावयास आणणाऱ्यांची नित्य वर्दळ असते. त्यांतील बहुतेक सज्जनच. कुत्राही कोणाचा घात करावयास निघालेला नसतो. वास घेत तो पायवाट सोडतो, एवढेच. परंतु तो जवळ येताच मादी उडते आणि उघडी पडलेली अंडी कावळ्याच्या दृष्टीस पडतात. मालकाला मात्र याची वार्ताही नसते.

म्हणून विणीच्या काळात कुत्र्यांना पायवाटेवरच ठेवण्याची विनंती येथे केली जाते. इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने सर्वांना खुल्या झालेल्या माळरानांवर तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा जास्तीत जास्त २ मीटर लांबीच्या दोरीने बांधलेला असावा लागतो.

तथापि, कुत्र्यालाही धावण्यास जागा हवीच. २००५ साली थेम्स खोऱ्यातील असे माळ रातवा, रानचंडोल आणि डार्टफर्ड वटवट्या या तीन पक्ष्यांसाठी संरक्षित झाले. त्यांच्यापासून ४०० मीटरांच्या आत नवी घरे सहसा होऊ दिली जात नाहीत. त्यापुढे ५ किलोमीटरपर्यंत घरे बांधणाऱ्याने दर हजार रहिवाशांमागे किमान ८ हेक्टर पर्यायी हिरवी जागा द्यावी, अथवा तिचा खर्च भरावा, असा दंडक आहे. तेथे सुमारे अडीच किलोमीटरची वर्तुळाकार वाट असते आणि कुत्र्यांना मोकळे सोडण्याची सोयही. ज्याच्या व्यवसायाने वर्दळ वाढते, तिचा भार त्याच्याच खात्यावर पडतो. हा हिशेब चोख आहे.

संध्याकाळी कोणी माळाच्या फाटकाशी थांबून कुत्र्याच्या पट्ट्याला दोरी अडकवतो आणि वाटेला लागतो. काही पावलांवर, हेदरच्या आडोशाला, रातव्याची मादी अंड्यांवर निश्चल बसून राहते.