पाच मिनिटांचा मुक्काम

नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं फ्रीझा बजावतो, आणि ती पाच मिनिटं पुढचे दहाएक भाग संपत नाहीत. आभाळ काळवंडतं, जमीन उकलते, गोकू मुठी आवळतो आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी तेच आभाळ, त्याच मुठी. ‘ड्रॅगन बॉल झी’ ही जपानी ॲनिमेशन मालिका ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांच्या अंगात ती पाच मिनिटं अजून मुरलेली आहेत.

त्यामागे साधं कारण होतं. अकिरा तोरियामा यांची चित्रकथा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात चालू होती आणि तोएई ॲनिमेशनची मालिकाही आठवड्याला एक भाग अशी धावत होती. मालिका कथेच्या टाचेला टेकली की तिला रेंगाळावं लागे. मग नजरा लांबत, आरोळ्या लांबत, मूळ कथेत नसलेले प्रसंग शिरत. १९८९ ते १९९६ या काळात असे २९१ भाग झाले.

२००९ मध्ये, मालिकेच्या विसाव्या वर्षी, तोएईने ती पुन्हा संकलनाला घेतली. सोळा मिलिमीटरच्या जुन्या फिल्मवरून चित्रं नव्याने उतरवली, खराब झालेल्या काही चौकटी संगणकावर गिरवल्या, संवाद परत बोलून घेतले आणि बहुतेक भरणा काढून टाकला. ‘ड्रॅगन बॉल काई’ या नावाने ती टीव्हीवर आणि मग डिस्कवर आली. पहिल्या १९४ भागांचा ऐवज ९८ भागांत मावला.

आमच्या गावी, खर्ड्यात, आम्ही मूळ मालिका केबलवर, हिंदीतून आणि भारनियमनाच्या वेळा सांभाळून पाहत असू. ऐन लढाईत लाईट जायची. मग पोरं किल्ल्याच्या तटाखाली जमायची आणि पुढे काय झालं असेल ते सांगत बसायची. प्रत्येकाचा गोकू वेगळा लढायचा. एका पोराचा तर दर वेळी मरायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. तोएईने गाळलं त्याहून कितीतरी जास्त आम्ही भरलं होतं.

भाच्याने काईच्या ब्लू-रेचा संच आणून दिला तेव्हा मी तो अधाशासारखा पाहिला. रंग असे की मी त्या मालिकेचा फक्त धुरळाच पाहिला होता असं वाटावं. लढाया सणसणीत. पण गोकू आणि पिकोलो गाडी चालवण्याची परीक्षा द्यायला जातात तो भाग त्यात नाही. जग वाचवणारे दोन वीर स्टिअरिंगपुढे गांगरतात, एवढाच तो भाग. तोरियामांच्या कथेत तो नव्हता, म्हणून गळला. न्यायाने हे बरोबर आहे. तरी मला त्याची चुटपुट लागली, कारण या माणसांवर माया जडली ती अशाच रिकाम्या दुपारी.

आमच्या गावाची लढाईही अशीच कापून सांगितली जाते. ११ मार्च १७९५, मराठे एकत्र आले, निजाम हरला. शाळेत एवढंच. निजामाकडच्या पलटणी रेमंड या फ्रेंच माणसाच्या हाताखाली होत्या आणि शिंद्यांच्या कवायती फौजेबरोबर पेराँ हा दुसरा फ्रेंच होता. निजाम रात्रीच खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, तिथे तो कोंडला गेला आणि त्याला तह करावा लागला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले आणि जिंकलेलं बरंचसं पुढे हातचं सुटलं. हे सगळं गाळलं की विजय चकाकतो, पण त्या रात्री तटाच्या आत आणि बाहेर असलेली माणसं दिसेनाशी होतात.

काईसाठी पार्श्वसंगीतही नवं केलं होतं. २०११ मध्ये त्यातल्या रचनांवर इतरांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला आणि शुन्सुके किकुची यांचं मूळ संगीत परत आणावं लागलं. मला याचा मनापासून आनंद झाला. त्या सुरांशिवाय गोकूची चाल मला परकी वाटत होती. आवाज मात्र पहिल्यापासून तोच होता, मासाको नोझावा यांचा. १९३६ साली जन्मलेल्या या बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर स्टुडिओत उभं राहून त्याच आरोळ्या पुन्हा मारल्या. जपानी आवाज मी डिस्कवरच पहिल्यांदा ऐकला. एका आजीच्या छातीतून निघालेली ती आरोळी ऐकताना चित्र किती स्वच्छ झालंय याचा मला विसर पडला.

आणि अठ्ठ्याण्णवावा भाग. ११ मार्च २०११ रोजी, आमच्या लढाईच्याच तारखेला, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. टीव्हीवर मालिका तेव्हा सत्त्याण्णव भागांवरच थांबली. राहिलेला भाग तिथल्या प्रेक्षकांना नंतर डिस्कवर मिळाला. ट्रंक्स नावाचा मुलगा आपल्या उद्ध्वस्त झालेल्या काळात परत जातो आणि जे तिथे उरलेत त्यांना वाचवतो, अशी त्याची कथा आहे.