व्हार्निशचा हात

सीवूड्सहून सकाळची लोकल पकडून मुंबईतील एका संग्रहालयात मुलांना चित्रे दाखवावयास जाण्याचा आमचा शिरस्ता आता बराच जुना झाला. शिक्षण चित्रकाराचे, नोकरी मात्र चित्रांविषयी शोधून सांगण्याची. 'सध्या काय रंगवता आहात?' असे कुणी विचारले की आम्ही अजिंठ्याचा दाखला देऊन वेळ मारून नेत असू.

दाखला सोयीचा आहे. जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांपैकीच. ही मंडळी तेथे 'स्वतःचे' काही रंगवीत नव्हती, पाहत होती. लंडनला साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेलेल्या त्यांच्या कित्येक नकला १८८५ च्या आगीत जळाल्या. (त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या नकलाही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. विलायतेचा अग्नी अजिंठ्याला दोनदा भोवला.) तरीही ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघालेच. एवढे सांगून आम्ही थांबत असू.

पुढचा भाग गैरसोयीचा. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात भित्तिचित्रांवर व्हार्निश फिरवण्यात आले. रंग तेवढ्यापुरते उजळले. कालांतराने तेच व्हार्निश काळवंडले आणि खालच्या रंगाचे पापुद्रे घेऊन सुटू लागले. अभ्यासासाठी गेलेल्या, चित्रांवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांच्या हातून हे घडले, हे आम्हांस फार उशिरा टोचले.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच भागातील एका शाळेची मुले आली होती. खाडीच्या एका निसर्गचित्रासमोर आम्ही चित्रकाराची परंपरा, जलरंगाचे तंत्र, काळ असे सारे ओघाने सांगत होतो. मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. चित्राकडे कुणीच नाही. करावे गावातील एक मुलगी तेवढी भिंतीपाशी सरकली होती.

"सर, यात पाणी चढतंय का उतरतंय?"

त्या चित्रावर आम्ही चार पानांचे टिपण लिहिले होते. हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. मग सगळेच वाकून पाहू लागलो. नांगरलेल्या होड्यांची तोंडे कुठे आहेत, चिखलाची ओली रेघ पाण्याच्या किती वर आहे. "उतरतंय," ती म्हणाली. दोघा मुलांना ते पटले नाही. वाद बराच रंगला आणि आमचे उरलेले व्याख्यान राहूनच गेले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आमचा कॅनव्हास उलटवला. खिडकीतून दिसणारी खाडीच, तीन वर्षांपूर्वी सोडलेली. तिवरे चांगली जमली होती. पाणी नुसते करडे होते. चढते की उतरते, ते आम्ही रंगवलेच नव्हते. खिडकीशी गेलो, पण तोवर अंधार पडला होता.