कुबडी, गँग आणि पाताळेश्वर

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी फर्मान सोडलं, ‘सहा महिने ट्रेक बंद!’ दर रविवारी गड गाठणाऱ्या माझं काय झालं असेल, विचारूच नका. राजगडाचे फोटो बघून चक्क रडले.

शेवटी बाबाच म्हणाले, ‘वर चढता येत नाही ना? मग खाली उतरू!’ आणि रिक्षा थांबली ती थेट जंगली महाराज रोडवर, पाताळेश्वरापाशी.

या रोडवर शॉपिंगला शंभरदा आले असेन, पण आत? कॉलेजनंतर एकदाही नाही! रस्त्याच्या पातळीखाली, अखंड कातळात खोदलेलं हे आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं लेणं. शनिवारवाडा उभा राहिला १७३२ मध्ये. म्हणजे हे त्याच्याही जवळपास हजार वर्षं आधीचं! समोर गोल, छत्रीसारखा नंदीमंडप. आतले खांब मात्र साधे, चौकोनी. लेण्याचं काम अर्धवटच राहिलंय.

एका हातात कुबडी, दुसरा बाबांच्या खांद्यावर. मोजक्या पायऱ्या, पण उतरायला पाच मिनिटं लागली. मागून आमची ट्रेकची गँग ‘हर हर महादेव’ करत होती, जणू मी गडच सर केला!

आत जरा वेळ शांत बसले. काम अपुरं राहिलं म्हणून या लेण्याचं काही अडलं नाही. आजही इथे पूजा होते. मग माझंच सहा महिन्यांनी काय अडणार?

पुढच्या रविवारी शनिवारवाडा. राजगड काय, कुठे पळून जात नाही!