समक्ष

वकिलीची दहा वर्षे भरल्यावर आम्ही नोटरीच्या नेमणुकीसाठी अर्ज केला, तेव्हा हे काम म्हणजे केवळ शिक्का उमटवणे अशीच आमची समजूत होती. १९५२ चा अधिनियम आणि १९५६ चे नियम वाचले तेव्हा कर्तव्यांची यादी लांब निघाली: दस्तऐवज प्रमाणित करणे, शपथ देणे, प्रतिज्ञापत्र घेणे, भाषांतर पडताळणे, न वटलेल्या हुंडीची नोंद करणे, आणि केलेले प्रत्येक काम नोंदवहीत उतरवणे. या साऱ्या यादीचा भार एका शब्दावर आहे, हे मात्र आम्हांस पिशोरला कळले. तो शब्द म्हणजे 'समक्ष'.

परिचयातील एक गृहस्थ बहिणीच्या नावाचे प्रतिज्ञापत्र घेऊन आले. वडिलांची जमीन भावाच्या नावे होण्यास हरकत नाही, असा मजकूर, तळाशी अंगठा. "अक्का सासरी आहे, वकीलसाहेब. अंगठा तिचाच आहे. तुम्ही काय परके आहात?" त्यांच्या घरी आम्ही जेवलो होतो. तरीही शिक्का उचलवेना.

जुन्या मराठी कागदांवर पाटलाची 'निशाणी नांगर' असे. अक्षर येत नसले तरी माणूस त्या कागदापाशी आलेला असे. 'समक्ष' काय आणि 'साक्षी' काय, दोहोंच्या पोटात डोळाच आहे. न पाहिलेल्या अंगठ्याखाली 'आमचे समक्ष' लिहिणे म्हणजे भाषेशीच खोटे बोलणे.

आठवड्याने ते रागातच अक्काला घेऊन आले आणि बाहेर थांबले. आम्ही मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिने विचारले, "म्हणजे माझं नाव निघालं का?" आम्ही सांगितले, की हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, वडिलांच्या मिळकतीत मुलगी वारस असतेच, आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलींना मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला आहे. ती बराच वेळ दाराकडे पाहत राहिली. "माहेर तुटायला नको," एवढेच बोलली, कागदाची घडी केली आणि अंगठा न देताच उठली.

पुढे तिने काय केले, ते आमच्या नोंदवहीत नाही. ते गृहस्थ आता रस्त्यात दिसले तरी नमस्कार करीत नाहीत. त्याचे दुःख आहे. मात्र नोंदवही उघडताना हात अडखळत नाही.