बिंदुसरेची होडी

मुलांनो, कागदाची होडी तुम्ही सगळ्यांनीच केली असेल. वहीचं मधलं पान फाडायचं, घडी घालायची आणि पावसाच्या पाण्यात सोडून द्यायची. आई ओरडते ती होडीसाठी नव्हे, वहीच्या पानासाठी! मीही असाच ओरडा खाल्लाय. पण आमची एक होडी फार लांब गेली. किती लांब, ते सांगते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. डी.एड्. झाले, नोकरी लागली आणि इथेच रमले. माझं लहानपणही इथलंच, बिंदुसरा नदीच्या काठचं. नदी म्हणायची एवढंच, कारण पावसाळ्यातले काही दिवस वाहायची आणि एरवी आम्ही तिच्यात लंगडी खेळायचो. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं नाव सांगत नाही. 'छापलंस तर बोलणार नाही,' अशी तंबी तिने दिलीय. आपण तिला नुसतं मैत्रीण म्हणू. ती वर्गात कायम पहिली आणि मी कायम दुसरी.

२००० सालचा पावसाळा. आम्ही सातवीत होतो. भूगोलाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर नकाशा काढला. आपली बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मांजरथजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आपल्या नदीचं पाणी समुद्रात जातं! शाळा सुटल्यावर आम्ही होडी केली, तिच्यावर दोघींची नावं लिहिली आणि नदीत सोडली. मैत्रीण म्हणाली, "मोठेपणी आपण समुद्रात जाऊन हिला हुडकायची."

दसरा झाला आणि ती गेली. कुठे गेली ते बीडच्या मुलांना सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोप्या बांधून राहतात. नवरा-बायको मिळून कोयता चालवतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी बहीण लागते. ती मोठी बहीण म्हणजे माझी मैत्रीण.

जानेवारीत मला तिचं पोस्टकार्ड आलं. लिहिलं होतं, 'गुरुजींना सांग, मी वार्षिक परीक्षेला येणार आहे. माझं नाव काढू देऊ नका.'

आता खरं सांगते, आणि सांगताना आजही लाज वाटते. सहामाहीत मी पहिली आले होते, आयुष्यात पहिल्यांदा. आजीने गल्लीत साखर वाटली होती. ते कार्ड मी गुरुजींना दाखवलं नाही. दप्तरात ठेवलं, मग घरच्या पत्र्याच्या पेटीत. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता परीक्षा होऊन गेली. मी पहिली आले. मैत्रीण आली तेव्हा मे महिना लागला होता. तिने विचारलं, "सांगितलं होतंस ना गं?"

मी म्हणाले, "सांगितलं होतं."

ती परत शाळेत आली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. तिने स्वतः काही वर्षं कोयता चालवला. मग शिवणयंत्र घेतलं. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाली, तेव्हा पेढे द्यायला माझ्याच घरी पहिल्यांदा आली. आमचं येणं-जाणं, हसणं-बोलणं सगळं होतं. फक्त त्या एका गोष्टीविषयी आम्ही कधीच बोललो नव्हतो.

एक दिवस माझं पोलकं शिवता शिवता ती म्हणाली, "काय मास्तरीणबाई, होडी हुडकायची राहिली की!" मला वाटलं थट्टा करते. पण दुसऱ्या दिवशी तिने पोस्टातल्या बचतीचं पुस्तकच पुढे ठेवलं. मग मीही पैसे साठवायला लागले. घरच्यांची समजूत काढण्यात एक वर्ष गेलं. 'दोघी बायका जाऊन करणार काय समुद्रात?' असा प्रश्न सगळ्यांचाच. अखेर २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्याच्या शेवटी आम्ही निघालो. बीडहून एस.टी.ने सोलापूर, सोलापूरहून आगगाडीने चेन्नई आणि चेन्नईहून जहाजाने अंदमान. सुमारे १२०० किलोमीटरचं पाणी आणि अडीच-तीन दिवसांचा प्रवास.

जाहिरातीत दिसतं तसलं चकाचक जहाज डोळ्यांसमोर आणू नका हं! हे प्रवाशांची ने-आण करणारं सरकारी जहाज. आमचं तिकीट बंकचं, म्हणजे सगळ्यात स्वस्त. खाली एक भलामोठा हॉल, त्यात आगगाडीसारखे एकावर एक बाक आणि आजूबाजूला तमिळ, बंगाली, तेलुगू बोलणारी माणसं. आमच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं. शेजारच्या तमिळ आजींनी एक धपाटा खाल्ला आणि त्या बोटांनीच 'आणखी दोन' म्हणाल्या!

बंदरातून एवढं मोठं जहाज आपलं आपण निघत नाही. एक लहानशी, पण भारी ताकदीची टगबोट त्याला ओढत, ढकलत बाहेर काढते. वाट दाखवायला बंदराचा माहीतगार माणूस जहाजावर चढतो. त्याला पायलट म्हणतात. मला तर शाळेच्या पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराला वर्गात नेणारी मोठी ताईच आठवली.

"एवढं लोखंड बुडत कसं नाही?" मी मुद्दामच विचारलं. म्हटलं, शिक्षिकेला संधी मिळेल! पण मैत्रीण म्हणाली, "खिळा बुडतो, परात तरंगती. परातीत जागा असती ना!" बघा, अगदी बरोबर. जहाज आतून पोकळ असतं. ते आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं, आणि तेवढं पाणी त्याला उचलून धरतं. माझा अर्ध्या तासाचा पाठ तिने एका वाक्यात संपवला.

संध्याकाळपर्यंत किनारा दिसेनासा झाला. चहूबाजूंनी गोल पाणीच पाणी. डेकवर, पाण्यापासून पंधराएक मीटर उंच उभं राहिलं तर साधारण १४ किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. त्यापुढे पृथ्वी वळते. पृथ्वी गोल आहे हे मी इतकी वर्षं शिकवत आले, पण पाहिलं तिथे.

रात्री मला बोट लागली. म्हणजे काय, तर पोटात ढवळून आलं, डोकं गरगरलं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. तो म्हणतो, 'आपण हलतोय.' डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. दोघांचं भांडण लागतं आणि पोट बिचारं मध्ये सापडतं. अशा वेळी उघड्यावर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत बसावं. मैत्रिणीने मला हाताला धरून डेकवर नेलं, तोंडात आवळासुपारी दिली आणि पाठीवरून हात फिरवत बसली. तिला काही झालं नाही. म्हणाली, "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांवर झोपलेली मी. हे तर पाळणा हाय."

तिचा तो हात पाठीवर होता आणि मला ते सहन होईना.

दुसऱ्या रात्री आम्ही परत डेकवर बसलो होतो. समुद्र काळा, फक्त जहाजाच्या कडेचा फेस पांढरा दिसायचा. मी पिशवीतून ते पोस्टकार्ड काढलं. बावीस वर्षांत पिवळं पडलेलं, कोपरा कुरतडलेला. तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी हे गुरुजींना सांगितलंच नव्हतं. तुझ्याशी खोटं बोलले."

तिने दिव्याखाली जाऊन कार्ड वाचलं. मग म्हणाली, "मला ठाव होतं."

"केव्हापासून?"

"त्याच मे महिन्यात. गुरुजी बाजारात भेटले होते. म्या विचारलं त्यांना."

मला काही सुचेना. "मग तू बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? शाळा गेली होती. तुझ्याशी भांडले असते तर मैत्रीण बी गेली असती. एकच तर होती." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू सांगितलं असतंस तरी बापानं आणून सोडलं असतं का, देव जाणे. पण सांगायला पाहिजे होतंस."

'माफ केलं' असं ती म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही. खूप वेळ आम्ही गप्पच होतो. मग मी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला, तर तिने ते आपल्या पाकिटात ठेवलं. "हे माझं हाय," म्हणाली आणि झोपायला गेली. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. वाटलं, आता हा प्रवास कसा संपायचा?

पहाटे कुणीतरी गदागदा हलवलं. "ऊठ गं, पाऊस बघ!" पाच वाजत होते, पण फटफटलं होतं. बीडला त्या वेळी अंधारच असणार. बीड सुमारे ७६ पूर्व रेखांशावर, तर अंदमान सुमारे ९३ वर. एका रेखांशाला ४ मिनिटं, म्हणजे १७ रेखांशांना ६८ मिनिटं. दुपारी तिथे सूर्य आपल्यापेक्षा एवढा आधी माथ्यावर येतो. आणि पाऊस? मोसमी पाऊस आधी अंदमानात येतो, साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. मग जूनमध्ये आपल्याकडे. आम्ही दोघी दुष्काळी भागातल्या बायका त्याला वाटेतच भेटलो होतो! मैत्रीण दोन्ही हात पसरून भिजत म्हणाली, "चल बाबा लौकर, बीडला वाट बघत्यात."

जहाजावर गोडं पाणी जपून वापरा म्हणून सांगतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते प्यायचं कसं? पण जपून वापरायला आम्हांला कुणी शिकवायला नको. आम्ही बारा गावचं पाणी प्यालेल्या, तेही टँकरनं! मी तिला एक गंमत सांगितली. बंगालचा उपसागर अरबी समुद्राहून कमी खारट आहे, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी अशा मोठाल्या नद्या त्याला गोडं पाणी देतात. ती म्हणाली, "म्हंजी आपल्या बिंदुसरेचं बी चिमूटभर असंलच." मग हसून म्हणाली, "होडी मात्र माजलगावच्या धरणात अडकली बघ."

आम्ही उतरलो ते पोर्ट ब्लेअरला. सप्टेंबर २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम् झालंय. तिथला सेल्युलर जेल पाहिला. १८९६ ते १९०६ या काळात तो बांधला. सात लांबच लांब इमारती होत्या, आता तीन उरल्यात. १९११ साली सावरकरांना 'महाराजा' नावाच्या बोटीतून इथे आणलं, तेही मद्रासहूनच, म्हणजे आजच्या चेन्नईहून. आमच्याजवळ परतीचं तिकीट होतं, त्यांच्याजवळ काय होतं? कोठड्यांची रचना अशी, की एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. कैद्यांनी एकमेकांना पाहू नये, बोलू नये म्हणून. मैत्रीण एका कोठडीत जाऊन उभी राहिली, गजांतून बघितलं आणि म्हणाली, "बोलू न देणं ही बी शिक्षाच की." मी मान खाली घातली. तिने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो.

मुलांनो, प्रवास संपला, पण माझं काम तिथून सुरू झालं. आता दरवर्षी दसऱ्याच्या आधी मी वर्गात विचारते, 'कुणाचे आईबाबा फडावर जाणार?' ज्यांचे जाणार त्यांच्या घरी जाते. मुलांना गावातच ठेवून जेवूखाऊ घालायची हंगामी वसतिगृहाची सोय आपल्या जिल्ह्यात आहे, ती समजावून सांगते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा आहे, तोही सांगते. सगळे ऐकतात असं नाही. गेल्या खेपेलाही दोन बाकं रिकामी राहिलीच. पण त्यांची नावं मी हजेरीत रोज पुकारते, आणि मुलं एका सुरात सांगतात, 'फडावर गेलाय, येणार आहे!'

पालकहो, पहिला नंबर आला की आपण साखर वाटतो. वाटावीच. पण पोराला एकदा हेही विचारावं, 'कालपर्यंत पहिला येणारा आज कुठे आहे रे?' आमच्या घरी तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी पेटीतून कार्ड काढून दाखवलं असतं असं मला वाटतं.

आणि मुलांनो, तुमच्या शेजारची जागा रिकामी असेल, तर उद्या शाळेत गेल्यावर बाईंना किंवा गुरुजींना सांगा. कुणाचा निरोप आला असेल, तर तो त्याच दिवशी पोचवा. उद्यावर ठेवू नका. माझा निरोप पोचायला बावीस वर्षं लागली, आणि त्यासाठी पार समुद्रात जावं लागलं.