बाईंचा शनिवार

अलिबागच्या इस्रायल आळीत बाई आमच्या शेजारी राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. माझं शुद्धलेखन, समास, निबंध सगळं त्यांच्या ओटीवर झालं. आईनं एकदा शिकवणीच्या पैशांचा विषय काढला, तर म्हणाल्या, "अहो, शेजारधर्माची फी असते होय?"

शनिवारी मात्र पुस्तक बंद. शुक्रवारी दिवेलागणीला बाई दिवे लावीत. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही, लेखणी धरायची नाही. एकदा सोमवारी परीक्षा होती आणि मी शनिवारी रडकुंडीला येऊन उभा राहिलो. "उद्या पहाटे ये," एवढंच म्हणाल्या. पहाटे गेलो तर बाई माझी वही उघडून बसलेल्या.

कोकणानं त्यांच्या पूर्वजांना ओळखलं तेही याच शनिवारवरून. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले आणि आठवड्यातला एक दिवस बैल सोडून ठेवला, अशी बेने इस्रायल यहुद्यांची परंपरागत हकीकत. गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. त्यांनीही गावांची नावं लावून घेतली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. आळीतलं सिनेगॉग १८४८ सालचं. बाई त्याला मशीद म्हणत. योम किप्पूर हा त्यांचा दारफाळणीचा सण. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिद्याचा विधी झाला की गोड पोहे, खोबरं आणि फळं यांची ताटली आमच्याकडे यायचीच.

बाईंचे भाऊ इस्रायलला गेले. तिथं १९६२ मध्ये धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. निदर्शनं झाली, धरणं धरली गेली, तेव्हा १९६४ मध्ये त्यांना बरोबरीचे यहुदी मानलं गेलं. बाई हे सांगत तेव्हा आवाज चढत नसे. "आम्ही यहुदी आहोत हे अलिबागच्या कोळणीलासुद्धा ठाऊक होतं," इतकंच म्हणत.

आपला धर्म सैल केला म्हणजेच गावात मिसळता येतं, असं पुढे अनेकांकडून ऐकलं. मला ते कधी पटलं नाही. बाईंनी शनिवार एकदाही सोडला नाही आणि माझी रविवारची पहाटही बुडू दिली नाही. गावानं त्यांना आपलं मानलं ते त्या शनिवारासकट.

मी मुद्रितशोधक झालो. पोट भरलं ते बाईंनी घोटून घेतलेल्या मराठीवर. छापखान्यात हाताखालच्या कुणी शुक्रवारच्या नमाजासाठी, कुणी पर्युषणासाठी वेळ मागितला, की मी पाळ्या बदलून द्यायचो. ते आभार मानत, तेव्हा संकोच व्हायचा. मी माझंच देणं हप्त्याहप्त्यानं चुकतं करीत होतो. मुद्दल अजून तसंच आहे.